पिक्सेल गेमसाठी मराठी बिटमॅप फॉन्ट: वेलांटी चुकीच्या जागी, शिरोरेषेत फटी, कुठून सुरुवात करू?

इवलंसं_जग

नमस्कार मंडळी. एक छोटा पिक्सेल आर्ट गेम बनवतेय, कोडी सोडवत पुढे जायचं असा, संवाद भरपूर आहेत आणि ते सगळे मराठीत असावेत ही पहिल्यापासूनची इच्छा आहे. स्क्रीन ३२० बाय १८० ठेवलीय, म्हणजे १९२० बाय १०८० वर बरोब्बर सहा पट होते आणि पिक्सेल स्वच्छ दिसतात. फ्रेमवर्क साधं आहे, फॉन्ट लोडर मीच लिहिलाय, तो बीएमफॉन्टची (चित्रांच्या फॉन्टचा एक साधा फॉरमॅट) टेक्स्ट फाइल वाचतो. म्हणजे स्ट्रिंगमधला एकेक कोडपॉइंट (युनिकोडमधला चिन्हाचा नंबर) घ्यायचा, अ‍ॅटलासमधला (सगळ्या अक्षरांचं एक मोठं चित्र) त्याचा चौकोन उचलायचा, एक्सऑफसेट वायऑफसेट धरून ठेवायचा आणि एक्सअ‍ॅडव्हान्स इतकं पुढे सरकायचं, बस.

इंग्रजीचा ८ बाय ८ फॉन्ट अ‍ॅसप्राइट या पिक्सेल चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये काढला, एकदम मस्त चालतो. तसंच मराठीचं करायला गेले तर सगळंच बिघडतंय. "किल्ली" लिहिलं की पहिली वेलांटी क च्या नंतर येऊन ल वर बसते, ल्ल च्या जागी पाय मोडका ल आणि पुढे पूर्ण ली, "तिसऱ्या" मधला अर्धा र तर ओळखूच येत नाही. वर प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषेत एका पिक्सेलची फट पडते. आणि ८ पिक्सेल उंचीत रफार, मात्रा, उकार बसवायचे कुठे हेच कळत नाहीये.

तर मला दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे देवनागरीला किमान किती उंची घ्यावी आणि अक्षर आतून कसं मांडावं. दुसरी म्हणजे जोडाक्षरांचं कोडमध्ये काय करायचं, सगळी जोडाक्षरं हाताने काढायची की काही वेगळा मार्ग आहे? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

शिरोरेघ

पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, कोडवाले कोडचं सांगतीलच.

८ पिक्सेल विसरा. ८ बाय ८ चा चौकोन आला जुन्या मशीनींच्या टाइलमधून, कमोडोर ६४ वर अक्षर ८ बाय ८, एनईएस वर टाइल ८ बाय ८, आणि इंग्रजी कॅपिटल ७ पिक्सेलमध्ये आरामात बसतं म्हणून तो टिकला. देवनागरीत एकावर एक तीन मजले आहेत, शिरोरेषेच्या वरचा, मधला आणि खालचा, तिन्ही एकाच वेळी लागतात. मी १६ पिक्सेल घेतो आणि ते असे वाटतो: वरून ० ते ३ या चार ओळी मात्रा, वेलांटीचा वरचा भाग, रफार, अनुस्वार, अर्धचंद्र यांच्या. ओळ ४ म्हणजे शिरोरेषा. ५ ते ११ या सात ओळी अक्षराच्या अंगाच्या. १२ ते १५ उकार, ऋकार आणि पाय मोडण्याची रेघ. १२ पिक्सेल उंचीतही करता येतं पण मग अंगाला पाचच ओळी उरतात, त्यात झ, क्ष, ज्ञ, इ यांचा चिखल होतो, ळ आणि ठ लांबून सारखेच दिसतात. संवादांचा गेम आहे, लोकांनी तासभर वाचायचंय, १६ च घ्या.

बीएमफॉन्टच्या फाइलमध्ये मग बेस (वरून अक्षराच्या पायापर्यंतचं अंतर) १२ आणि लाइनहाइट (एका ओळीची उंची) १८ ठेवा, १६ नको, नाहीतर वरच्या ओळीतला ऊकार खालच्या ओळीतल्या रफाराला चिकटतो. तीन ओळींचा संवाद ५४ पिक्सेल झाला, कडेची जागा धरून तुमच्या १८० पैकी साधारण एक तृतीयांश. बरं दिसतं.

आता फटीचं. इंग्रजीत दोन अक्षरांमधली मोकळी जागा अक्षराच्या चौकोनातच उजवीकडे एक रिकामा कॉलम ठेवून करतात. देवनागरीत तो कॉलम रिकामा ठेवायचा, पण शिरोरेषेच्या ओळीत मात्र भरायचा. हा ग बघा, फक्त ओळ ४ ते ११:

■■■■■■■■
□□■□□□■□
□□■□□□■□
□□■□□□■□
□□■□□□■□
■■■□□□■□
■■□□□□■□
□□□□□□■□

रुंदी ८, एक्सअ‍ॅडव्हान्सही ८. शेवटचा कॉलम खाली पूर्ण रिकामा आहे पण वरची रेघ टोकापर्यंत गेलीय. हे सगळ्या अक्षरांना पाळलं की शिरोरेषा आपोआप अखंड होते, एकमेकांवर चढवावी लागत नाही. आणि कोडमध्ये लेटर स्पेसिंग नावाचं जे काही असेल ते शून्यच ठेवा.

ह्याच ग चा अर्धा ग हवा असेल तर उजवा दंड कापा, चार कॉलम उरतात, झालं. ख घ च ज त थ ध न प ब भ म य ल व श ष स, दंडाची सगळी अक्षरं अशी अर्धी होतात, त्यामुळे काम वाटतं तितकं नाही. क आणि फ चा दंड मध्ये आहे, त्यांचा उजवा आकडा आखूड करायचा. खरी मेहनत ट ठ ड ढ द ह ळ ह्यांची. मराठीत ही बहुतेक वेळा य ला जोडून येतात, "मोठ्या", "वाड्यात", "पेट्या", "डोळ्यात", "सगळ्यांना", म्हणून एक अरुंद य वेगळा काढा, पाच कॉलमचा, जो ट ठ ड ढ ळ च्या पोटाला चिकटून बसेल. तो एक काढला की शेकडो शब्द सुटतात. "घट्ट", "चिठ्ठी" मधली एकाखाली एक जोडाक्षरं सात ओळीत मावत नाहीत, तिथे सरळ पाय मोडून शेजारी शेजारी लिहा, लोक सहज वाचतात. द्ध, द्य, द्व आणि ह्म मात्र पाय मोडून डोळ्याला खुपतात, ते स्वतंत्र काढाच, लागल्या तर खालच्या दोन ओळी उसन्या घ्या. क्ष, ज्ञ, त्र, श्र, रु, रू, हृ हे तर वेगळे आहेतच.

वेलांटी एकाच मापाची ठेवू नका. तिची कमान शेवटच्या दंडापर्यंत पोचली पाहिजे, मग "मि" ला आखूड, "कि" ला मध्यम आणि "स्थि" सारख्या जोडाक्षराला लांब, अशा तीन पुरतात. चित्र दहा-बारा कॉलम रुंद असलं तरी एक्सअ‍ॅडव्हान्स फक्त ३ द्यायचा, कमान पुढच्या अक्षराच्या डोक्यावरून जाते.

सगळ्यात अडचणीची जागा म्हणजे रफारावर अनुस्वार, "सर्वांना", "मार्गांवर". चार ओळीत रफाराचा आकडा आणि दोन बाय दोनचा ठिपका शेजारी शेजारी बसवायचे, म्हणून दोन्हींचं मिळून एकच चित्र करा. अनुस्वार एका पिक्सेलचा अजिबात नको, सहा पट केला तरी तो धुळीसारखा दिसतो.

ल आणि श मराठी वळणाचेच काढा. तयार फॉन्ट समोर ठेवून काढत असाल तर बऱ्याच फॉन्टमध्ये मूळ आकार हिंदी वळणाचे असतात आणि मराठीचे आकार भाषा मराठी सांगितल्यावरच बाहेर येतात. आपण हाताने काढतोय तर पहिल्यापासून आपलेच काढू. पाकळीच्या ल ला ९ कॉलम लागतात, द्या, काटकसर दुसरीकडे करा.

बिल्ड_फेल

वरचं सगळं पटलं, आता दुसरा प्रश्न.

लोडरमध्ये बिघाड नाहीये. युनिकोडमध्ये देवनागरीचा ब्लॉक १२८ जागांचा आहे आणि त्यात अर्धा ल, रफार, ल्ल असं काही नाहीच. तिथे ल आहे, हलंत आहे, परत ल आहे. वेलांटीसुद्धा साठवताना व्यंजनाच्या नंतर असते, दाखवताना आधी. साठवलेल्या क्रमातून दिसणारा आकार तयार करणं म्हणजे शेपिंग, ते ब्राउझरमध्ये आणि ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी आपल्यासाठी करत असतं. बीएमफॉन्टच्या फॉरमॅटमध्ये एक कोडपॉइंट एक चित्र एवढंच आहे, जास्तीत जास्त कर्निंगच्या (दोन अक्षरांमधलं अंतर कमीजास्त करायच्या) जोड्या, शेपिंगला जागाच नाही.

माझं म्हणणं असं की शेपिंग गेममध्ये करूच नका, बिल्डच्या वेळी, म्हणजे गेमची फाइल तयार होताना, करून टाका. तुमचे सगळे संवाद आधीच एका फाइलमध्ये लिहिलेले आहेत ना? एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहा, ती संवादांची फाइल वाचेल, प्रत्येक शब्दाची अक्षरं पाडेल, अक्षर म्हणजे आपण शाळेत मोजतो ते, "किल्ली" ची दोन, कि आणि ल्ली. सगळ्या फाइलमधली वेगवेगळी अक्षरं गोळा करायची आणि प्रत्येकाला युनिकोडच्या प्रायव्हेट यूज एरियातला (ज्याने त्याने हवं ते ठेवायला राखीव भाग) एक नंबर द्यायचा, तिथे ६४०० जागा मोकळ्या आहेत. मग स्क्रिप्टनेच शिरोरेघ यांनी सांगितलेले तुकडे, अर्धा ल, पूर्ण ल, दुसरी वेलांटी, एकमेकांशेजारी ठेवून ल्ली चं एक चित्र बनवायचं आणि अ‍ॅटलासमध्ये टाकायचं. संवादांची फाइलही त्या नव्या नंबरांमध्ये परत लिहायची. गेमला मग दोनच ग्लिफ (अक्षराची चित्रं) दिसतात, लोडरची एक ओळही बदलत नाही.

अ‍ॅटलासची काळजी नको. ५१२ बाय ५१२ च्या टेक्श्चरमध्ये १६ बाय १६ चे १०२४ चौकोन बसतात, त्याहून रुंद अक्षरं असणार हे धरूनही दोन पानं भरपूर झाली, आणि बीएमफॉन्टच्या फॉरमॅटला एकापेक्षा जास्त पानं चालतात.

अक्षरं पाडताना एक काळजी घ्या. युनिकोडचे जे ग्राफीम क्लस्टरचे (वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं त्याचे) नियम आहेत त्यात जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. जुन्या लायब्ररीला "किल्ली" दिली की ती कि, ल्, ली असे तीन तुकडे करून हातात देते. म्हणून मी स्वतःचा नियम लिहितो: व्यंजन, त्यानंतर हलंत आणि व्यंजन कितीही वेळा, मग असली तर एक मात्रा, मग असला तर अनुस्वार किंवा विसर्ग. मध्ये झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह येऊ शकतं, ते हलंताच्या मागे चालवून घ्यायचं. स्वर वेगळे. एवढ्यात जवळजवळ सगळी मराठी संपते.

आणि ऱ्य कडे नीट बघा. तो दोन प्रकारे टाइप होतो, एकतर ०९३१ नंबरचा ऱ, मग हलंत, मग य, किंवा साधा र, हलंत, झेडडब्ल्यूजे, य. दोन्ही दिसायला सारखेच असायला हवेत. संवाद दोन-तीन जणांनी लिहिले असतील तर फाइलमध्ये दोन्ही सापडणारच, म्हणून गोळा करायच्या आधी सगळे एका रूपात आणून घ्या. नाहीतर "पायऱ्या" एका खोलीत बरोबर आणि दुसऱ्या खोलीत रफारासकट.

चौकोन१६

बिल्ड_फेल, तुमची पद्धत चालते, पण मी ती नव्याने सुरू करणाऱ्याला सुचवणार नाही. खेळाडूने स्वतःचं नाव टाइप केलं की काय करणार? त्याच्या नावातलं जोडाक्षर संवादांमध्ये कुठेच नसेल तर तिथे रिकामा चौकोन येणार. उद्या कोणी कोकणी किंवा नेपाळी भाषांतर करून देतो म्हणाला तर त्याला तुमची पूर्ण बिल्ड चालवावी लागणार. आणि स्ट्रिंग्स अशा गुप्त नंबरांत गेल्या की डीबगरमध्ये एक शब्द वाचता येत नाही, हा त्रास लहान नाही.

माझ्या मते पिक्सेल फॉन्ट खरा फॉन्ट म्हणून बनवावा. म्हणजे प्रत्येक पिक्सेल हा एक चौकोनी आउटलाइन असलेली टीटीएफ (नेहमीच्या फॉन्टची) फाइल. १६ पिक्सेलचा एम (फॉन्टची मूळ उंची) असेल तर १६०० युनिट घ्या, एक पिक्सेल म्हणजे १०० युनिट, हिशोब डोळ्यासमोर राहतो. बिट्स एन पिकाज सारख्या टूलमध्ये ठिपके काढून टीटीएफ बाहेर काढता येते, मग ती फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या प्रोग्रॅममध्ये उघडून ओपनटाइपचे (अक्षरं कशी बदलायची, जोडायची ते सांगणारे) नियम घालायचे. गेममध्ये हार्फबझ जोडायचं, ती शेपिंग करणारी ओपन सोर्स लायब्ररी आहे आणि तिला देवनागरी येते. वेलांटी पुढे आणणं, रफार शेवटी नेणं हे क्रमाचं काम हार्फबझ स्वतः करतं, फॉन्टमध्ये फक्त बदल्या लिहायच्या: ल आणि हलंत मिळून अर्धा ल, र आणि हलंत मिळून रफार, ऱ आणि हलंत मिळून तो पापणीसारखा अर्धा र. र च्या पुढे झेडडब्ल्यूजे असेल तर रफार होत नाही, म्हणून अर्ध्या रूपांच्या नियमात र चं पण तेच रूप लिहून ठेवा, म्हणजे टाइप करायच्या दोन्ही पद्धती सांभाळल्या जातात. उकार कुठल्या कॉलमखाली लागणार, क ला मधल्या दंडाखाली, ग ला उजव्या, ते अँकरने (चिन्ह जोडायचा ठरलेला बिंदू) सांगायचं, फक्त अँकर १०० च्याच पटीत ठेवा म्हणजे अर्ध्या पिक्सेलवर काही जात नाही.

फायदा हा की हाच फॉन्ट पुढच्या प्रत्येक गेमला चालतो. गोडो ४ हे गेम इंजिन वापरलंत तर त्याच्या नेहमीच्या टेक्स्ट सर्व्हरमध्ये हार्फबझ आधीच आहे, फक्त इंपोर्ट करताना कडा मऊ करणाऱ्या आणि आकार सरकवणाऱ्या सोयी नकोत, म्हणजे अँटीअलायझिंग बंद, हिंटिंग बंद, सबपिक्सेल पोझिशनिंग बंद, आणि साइझ १६, ३२, ४८ अशीच. तिथेही बीएमफॉन्टची फाइल सरळ टाकली तर जोडाक्षरं होणार नाहीत, कारण नियम फॉन्टच्या आत असतात आणि त्या फाइलमध्ये ते नसतात.

तुमचं स्वतःचं फ्रेमवर्क आहे तर हार्फबझकडून कोडपॉइंटऐवजी ग्लिफ नंबर आणि त्याच्या जागा मिळतात, तुमचा अ‍ॅटलास त्या ग्लिफ नंबरांवर लावायचा. लोडरमध्ये बदल होईल पण फार नाही.

बिल्ड_फेल

नाव टाइप करण्याचा मुद्दा बरोबर आहे, तो मान्य. पण तिचा गेम कोड्यांचा आहे, नाव विचारायचंच असं नाही. आणि पहिला देवनागरी फॉन्ट करणाऱ्या माणसाला फॉन्टफोर्जमध्ये बदल्यांचे नियम कुठल्या क्रमाने लागतात हे समजेपर्यंत गेम बाजूला पडतो, हे मी जवळून बघितलंय. गेम पूर्ण होणं महत्त्वाचं. मी अजूनही म्हणेन की संवाद ठरलेले असतील तर बिल्डच्या वेळीच उरका. आकडे चालू गेममध्ये बदलले तरी अडचण नाही, ० ते ९ कोणाला जोडून येत नाहीत, "३ किल्ल्या" मधला ३ हवा तेव्हा बदला.

चौकोन१६

एक मधला मार्गही आहे. टीटीएफ बनवा, पण हार्फबझ गेममध्ये न टाकता तुमच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये चालवा, पायथनला त्याची लायब्ररी आहे. म्हणजे आकार जोडायचं काम हाताने लिहावं लागत नाही आणि गेमही हलका राहतो. पुढे गरज पडली तर तोच फॉन्ट घेऊन हार्फबझ गेममध्ये आणा, काढलेलं एकही अक्षर वाया जात नाही.

इवलंसं_जग

किती छान समजावलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. १६ ओळींची मांडणी करून बघितली, "तिसऱ्या दरवाज्याची किल्ली" पहिल्यांदा स्क्रीनवर नीट दिसलं तेव्हा इतकं बरं वाटलं की काय सांगू. सध्या बिल्ड_फेल यांच्या पद्धतीने जातेय कारण नाव वगैरे विचारत नाहीये, आणि तुकडे असे काढतेय की पुढे टीटीएफमध्ये नेता येतील.

आता पुढची अडचण. संवाद एकेक अक्षर टाइप होत येतात तो इफेक्ट हवाय, आणि गडद पार्श्वभूमीवर वाचता यावं म्हणून अक्षरांना एक पिक्सेलची काळी कडा. कडा दिली की शिरोरेषा परत तुटते! प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला एक काळी उभी रेघ दिसते. शिवाय संवाद फिका होत जातो तेव्हा काही ठिकाणी गडद ठिपके येतात.

शिरोरेघ

ताई, काळ्या रेघेचं कारण सरळ आहे. तुम्ही कडा आणि अक्षर एकाच चित्रात भाजलेत. पहिलं अक्षर काढून झालं, दुसरं काढलं की त्याची डावीकडची काळी कडा पहिल्याच्या शिरोरेषेच्या शेवटच्या पिक्सेलवर पडते. इंग्रजीत तिथे मोकळी जागा असते म्हणून लक्षात येत नाही, देवनागरीत नेमकी रेघ असते. उपाय म्हणजे दोन फेऱ्या: आधी पूर्ण ओळीच्या सगळ्या काळ्या कडा काढा, मग त्याच जागांवर सगळी पांढरी अक्षरं. त्यासाठी अ‍ॅटलासमध्ये दोन्ही वेगळी हवीत. बीएमफॉन्टच्या टूलमध्ये कडा एका चॅनेलमध्ये (चित्राचा लाल, हिरवा असा एक रंगथर) आणि अक्षर दुसऱ्या चॅनेलमध्ये ठेवायची सोय आहे, तुम्ही स्क्रिप्टने बनवताय तर तसंच करा. चौकोनांच्या मध्ये चारी बाजूंनी दोन पिक्सेल मोकळे सोडा, कडा धरून, म्हणजे शेजारच्या अक्षराचा तुकडा डोकावणार नाही. फिल्टर नियरेस्ट (पिक्सेल धूसर न करणारा), आणि ओळ मध्यभागी आणताना रुंदीला दोनाने भागता तिथे उत्तर पूर्णांकात आणा, विषम रुंदीची ओळ अर्ध्या पिक्सेलवर जाते आणि तिथेच रेघ जाड-बारीक होते.

फिकट होतानाचे गडद ठिपके म्हणजे जिथे दोन चित्रं एकमेकांवर आलीत त्या जागा, वेलांटीची कमान शिरोरेषेला जिथे टेकते तिथे किंवा काळ्या कडा एकमेकींवर चढतात तिथे. अर्धपारदर्शक पांढरं दोनदा पडलं की जास्त पांढरं होणारच, काळ्याचं तसंच. अक्षराअक्षराला अल्फा (पारदर्शकता) देऊ नका, संवादाची पूर्ण चौकट वेगळ्या टेक्श्चरवर पूर्ण अपारदर्शक काढा आणि ते एकच टेक्श्चर फिकं करा.

चौकोन१६

टाइप होण्याच्या इफेक्टचं तुमच्याकडे जवळजवळ फुकटात झालंय, कारण तुमचं एक ग्लिफ म्हणजे एक पूर्ण अक्षर. एकेक ग्लिफ दाखवत गेलात की "कि" मग "ल्ली" असंच येईल. हार्फबझवाल्यांनी लक्षात ठेवायचं की आधी पूर्ण ओळ शेप करायची आणि मग क्लस्टर नंबर (कुठला ग्लिफ कुठल्या अक्षराचा ते) बघून तुकडे दाखवायचे. स्ट्रिंग कापून दर वेळी नव्याने शेप केली तर आधी पाय मोडका ल दिसतो, मग तो अचानक ल्ल होतो, वेलांटी आली की अक्षर उजवीकडे उडी मारतं, डोळ्याला फार त्रास होतो. ओळ कुठे मोडायची तेही पूर्ण वाक्यावर आधीच ठरवा, नाहीतर अर्धा शब्द वरच्या ओळीत टाइप होऊन खाली पळतो.

वेगाबद्दल एक सुचवतो. इंग्रजी गेमचा प्रत्येक अक्षरामागचा वेळ तसाच उचलू नका. मराठीत त्याच मजकुराची अक्षरं कमी भरतात, एकेका अक्षरात दोन-तीन ध्वनी असतात, म्हणून तोच वेळ ठेवला तर वाक्य भर्रकन संपतं. थोडा जास्त द्या आणि पूर्णविरामाला थांबा.

मागच्या_बाकावर

धागा वाचत होतो, दोन गोष्टी जोडतो.

कोणी शॉर्टकट म्हणून चांगला व्हेक्टर (ठिपक्यांऐवजी वळणदार रेघांचा) फॉन्ट १६ पिक्सेलला उतरवून अ‍ॅटलास करू बघत असेल तर नका करू. शिरोरेषा दोन ओळींच्या मध्ये पडते आणि राखाडी होते, अँटीअलायझिंग बंद केलं तर बारीक रेघा मधूनच गायब होतात. डिस्टन्स फील्डची पद्धत (ठिपक्यांऐवजी अक्षराच्या कडेपासूनचं अंतर साठवायची), जी व्हॉल्व्हने २००७ मध्ये मांडली, ती मोठ्या गुळगुळीत अक्षरांना उत्तम आहे पण तिच्यात कोपरे गोल होतात, पिक्सेल फॉन्टचा सगळा जीव कोपऱ्यांत असतो. जीएनयू युनिफॉन्ट या मोफत बिटमॅप फॉन्टमध्ये देवनागरीचे ठिपके आहेत, १६ उंचीत कुठलं अक्षर कसं दिसतं याचा अंदाज घ्यायला चांगले, पण ते एका कोडपॉइंटला एक चित्र असे आहेत, संवाद लिहायला नाहीत.

देवनागरी ठिपक्यांत बसवणं काही आजचं नाही, डॉसच्या काळात सी-डॅकचं जिस्ट कार्ड पीसीत बसवून स्क्रीनवर भारतीय लिप्या आणल्या जायच्या, तेव्हाही अडचण हीच होती, साठवायचं एका क्रमाने आणि दाखवायचं दुसऱ्याने. तेव्हा त्यासाठी वेगळं हार्डवेअर लागत होतं, आज एक स्क्रिप्ट पुरते, तर मराठी गेम मराठीतच दिसावा यासाठी आपण थोडं झटायलाच हवं.

दुसरं परवान्याचं. ओपन फॉन्ट लायसन्सखालचा एखादा फॉन्ट उतरवून त्यावर हाताने दुरुस्त्या केल्यात तर तो सुधारित फॉन्ट त्याच परवान्याखाली राहतो. गेमसोबत देता येतो, गेम विकताही येतो, नुसता फॉन्ट वेगळा विकता येत नाही, आणि मूळ नाव राखीव असेल तर ते वापरायचं नाही. पूर्ण स्वतः काढलेला असेल तर तो प्रश्नच नाही, तो तुमचा. इवलंसं_जग, तुम्ही तुमचा फॉन्ट मोकळा करणार असाल तर मी तपासून द्यायला तयार आहे.

इवलंसं_जग

दोन फेऱ्यांमध्ये कडा काढली, रेघ गेली! फिकं होणंही आता एकसारखं दिसतंय. फॉन्ट मोकळाच करणार आहे, अजून द्ध, ह्म आणि ज्ञ मनासारखे झालेले नाहीत, ते झाले की टाकते. तपासायला कुठले शब्द घेऊ, सगळ्या अडचणी एकत्र येतील असे?

मागच्या_बाकावर

हे घ्या: सर्वांना, मार्गांवर, दुसऱ्या, वऱ्हाड, ऱ्हास, स्थिती, शक्ती, डोळ्यात, मोठ्यांनी, घट्ट, चिठ्ठी, युद्ध, विद्या, द्वार, ब्रह्म, ज्ञान, क्षण, त्रास, श्रीमंत, राष्ट्र, ट्रक, रुपया, रूप, हृदय, दृष्टी, कृपा, बॅट, डॉक्टर, अ‍ॅप, ऑफिस, दुःख, उत्कृष्ट, वाङ्मय. अ‍ॅ सुद्धा दोन प्रकारे टाइप होतो, अ वर अर्धचंद्र जोडून किंवा एकाच कोडपॉइंटने, ऱ्य सारखं तेही एका रूपात आणून घ्या. "राष्ट्र" सगळ्यात शेवटी तपासा, ष्ट खालचा रकार ट च्या पोटाखाली जातो आणि त्याच ओळीत उकार आला, म्हणजे "राष्ट्रु" असं काही मुद्दाम लिहून बघा, तिथे १२ ते १५ या चार ओळी पुरतात की नाही ते लगेच कळतं.